अर्ज भरण्याआधी घरातली कागदपत्रं काढा

या वेळच्या टपालात ग्रामपंचायत निवडणुकीखेरीज दुसरा विषय जवळजवळ नाहीच. ज्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झालं होतं, त्यांची पाच वर्षं सरली. गावोगाव पॅनलची जुळवाजुळव सुरू आहे आणि अर्धवट ऐकलेल्या माहितीला ऊत आला आहे. नायब तहसीलदार असताना ग्रामपंचायत निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी काम केलं. छाननीच्या टेबलावर बाद झालेल्या अर्जांची कारणं बहुतेक वेळा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधीची असायची. म्हणून यंदा उत्तरं थोडी सविस्तर देते आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या प्रभागात नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी) महिला अशी जागा सुटली आहे. घरच्यांनी मला उभं करायचं ठरवलं आहे. माझा स्वतःचा जातीचा दाखला कधी काढलाच नाही. सासरचे म्हणतात, आपली जात एकच, मग यांचाच दाखला जोडू, पडताळणीचं निवडून आल्यावर बघू. हे चालेल का? — एक भगिनी, ता. बार्शी

उत्तर : नाही ताई, चालणार नाही. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. तुमच्या यजमानांची जात तीच असली तरी त्यांचा दाखला तुमच्या अर्जाला उपयोगाचा नाही. दाखला तुमच्या नावाचा आणि तुमच्या वडिलांकडच्या पुराव्यांवर काढलेला लागतो. म्हणजे धावपळ माहेरच्या तालुक्यात करावी लागणार, आणि तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला निघणार. आजच भावाला फोन करा.

इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१.) वडील, आजोबा, चुलते, आत्या यांपैकी कुणाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्या तारखेआधीची जातीची नोंद आहे का, ते पाहा. शाळेत कुणी गेलंच नसेल तर तहसील कार्यालयात जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यांची नक्कल मागा. मग वंशावळ तयार करा: पणजोबा, आजोबा, वडील, तुम्ही. ज्यांचा पुरावा जोडाल ते वंशावळीत दिसलेच पाहिजेत आणि आडनावाचं स्पेलिंगसुद्धा जुळलं पाहिजे. दाखला माहेरच्या नावाने आणि मतदार यादीत नाव सासरचं, हा फरक सगळ्याच विवाहित उमेदवारांत असतो. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र जवळ ठेवा. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे टेबलावर कागदाने दाखवावं लागतं. गावकऱ्यांनी तोंडी ग्वाही देऊन भागत नाही.

आता पडताळणी. वैधता प्रमाणपत्र हातात असेल तर उत्तमच. नसेल तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज दाखल केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत वैधता सादर करण्याचं हमीपत्र, या दोन गोष्टी उमेदवारी अर्जासोबत लागतात. ही मुदत मूळ तरतुदीत सहा महिने होती, मध्यंतरी सरकारने ती बारा महिन्यांपर्यंत वाढवली होती. तुमच्या निवडणुकीला जी लागू आहे ती हमीपत्राच्या नमुन्यात लिहिलेली असेल. ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. मुदत गेली की निवड आपोआप रद्द होते, कारण काहीही असो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. समितीने उशीर केला, वकील आजारी होते, अशी कारणं तिथे टिकत नाहीत. ‘निवडून आल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचं यात काहीच जात नाही, पद जातं ते तुमचं.

आणि एक बोलते, रागावू नका. छाननीला येणाऱ्या कितीतरी भगिनींना मी विचारलं, ‘ताई, हमीपत्रावर सही तुमचीच ना? यात काय लिहिलंय?’ उत्तर मागे उभ्या असलेल्या दिरांनी किंवा यजमानांनी दिलं. मी त्यांना बाहेर थांबायला सांगून हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवत असे. राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण तो अर्ज आपण स्वतः वाचला नाही तर त्या राखीव जागेवर आपली फक्त सही बसते. तुम्ही स्वतः पत्र लिहून विचारलंत, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतो. घर थोरल्या दादांच्या नावावर आहे आणि दोन वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी थकली आहे. माझ्या नावावर काहीच बाकी नाही. तरी विरोधक म्हणतात, तुझा अर्ज उडवतो. — एक वाचक, ता. पारनेर

उत्तर : विरोधक अगदीच हवेत बोलत नाहीत, भाऊ. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातलं कलम १४(१)(ह) थकबाकीबद्दल आहे. कराचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर ती व्यक्ती अपात्र ठरते. म्हणजे नुसती बाकी असणं पुरेसं नाही, बिल बजावलेलं असलं पाहिजे. बिल कधी मिळालं, कुणी घेतलं, सही कुणाची, यावर पुढे मोठे वाद होतात.

पण त्याच कलमाखाली दोन स्पष्टीकरणं आहेत आणि ती लोक वाचत नाहीत. पहिलं तुमच्या विरोधात जातं: अविभक्त हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर ती थकबाकी सगळ्या सदस्यांना बाधते. थोरल्या दादांची बाकी तुम्हाला इथून लागू शकते. दुसरं तुमच्या बाजूचं आहे: उमेदवारी अर्ज भरण्यासाठी ठरलेल्या दिवसाआधी रक्कम भरली असेल तर अपात्रता धरली जात नाही. तेव्हा वाटण्या झाल्या की नाही, चूल वेगळी की एक, हा वाद घालत बसू नका. दादांची बाकी आजच भरा. पावती नमुना १० ची, तारीख-शिक्क्यासह घ्या. त्याच वेळी ग्रामपंचायतीकडून बाकी नसल्याचा दाखलाही मागा, मागणीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. निवडणुकीच्या तोंडावर ग्रामसेवक कार्यालयात सापडत नाहीत ही गावोगावची तक्रार आहे. अशा वेळी पोच घेतलेला अर्ज आणि भरणा केल्याची पावती तुमच्या हातात असणं फार मोलाचं ठरतं. ती पावती तुमची ढाल आहे.

घराचा विषय निघालाच आहे म्हणून जोडून सांगते. घराची भिंत किंवा गोठा गायरानात, रस्त्यात, सरकारी जागेत गेला आहे का, तेही पाहा. कलम १४(१)(ज-३) अतिक्रमणाबद्दल आहे. पूर्वी एक समज होता की ज्याने अतिक्रमण केलं तोच अपात्र, त्याची मुलं-सुना नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो समज मोडला. महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्येच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणाराही अपात्र ठरतो. सासऱ्यांच्या काळातलं बांधकाम आहे, आमचा काय संबंध, हे म्हणणं आता चालत नाही.

प्रश्न : मला तीन मुलं. तिसरा जुलै २००१ चा. दुसऱ्या एका इच्छुकाचं तिसरं मूल २००८ चं आहे आणि त्याने ते मेहुणीला दत्तक दिलंय. दोघांपैकी कोण पात्र? — एक वाचक, ता. मेहकर

उत्तर : तुम्ही पात्र, ते अपात्र. दोनपेक्षा अधिक अपत्यांची अट लागू होते ती १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे. त्या तारखेपर्यंत झालेलं तुमचं तिसरं मूल आड येत नाही, मात्र पुढे चौथं व्हायला नको होतं. दत्तक दिल्याने जन्मदात्याच्या मुलांची संख्या कमी होत नाही. हरियाणातल्या अशाच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये निकाल देताना ही पळवाट बंद केली. याच्या उलट, तुम्ही कुणाचं मूल दत्तक घेतलं असेल तर ते आपल्या कायद्यात मोजलं जात नाही. पहिल्या एका मुलानंतर जुळं झालं असेल तर ती दोन मुलं एकच धरतात.

जन्मतारखेचा पुरावा शाळेच्या दाखल्यापेक्षा जन्म नोंदीचा जोडा. शाळेत घालताना तारखा पुढे-मागे केलेल्या असतात आणि आक्षेप घेणारे नेमके तेच कागद काढून आणतात.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, वय २४, बारावी झालोय. मतदार यादीत नाव पुण्यात आहे. गावात उभं राहायचं ठरवलंय. प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेऊन नाव गावात लावून घेतलं तर चालेल ना? — एक तरुण वाचक, मूळ ता. पाटोदा

उत्तर : नाही. ग्रामपंचायतीची वेगळी यादी कुणी नव्याने तयार करत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख जाहीर करतो आणि त्या तारखेची विधानसभेची यादी जशीच्या तशी घेऊन तिचे प्रभागवार भाग पाडतो. प्रारूप यादीवरची हरकत एवढ्यापुरतीच असते: माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलं, लिहिताना चूक झाली. नवं नाव तिथे घालता येत नाही आणि पुण्यातलं नाव तिथून इकडे आणता येत नाही. ते काम भारत निवडणूक आयोगाच्या यादीत, ती तारीख येण्याआधीच करायचं असतं. तुमच्या गावाची तारीख अजून जाहीर झाली नसेल तर घाई करा. पण नाव हलवायचं ते खरोखर गावी राहत असाल तरच. दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे.

बाकी अटींत तुम्ही बसता. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी २१ वर्षं पूर्ण हवीत. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असणं आवश्यक आहे, त्याचा दाखला जोडा. गावाच्या यादीत कोणत्याही प्रभागात नाव असलं तरी दुसऱ्या प्रभागातून उभं राहता येतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, मात्र ज्या प्रभागातून उभे राहणार तिथलाच मतदार घ्या, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहता येतं का? गावातले म्हणतात ती पुरुषांची जागा. — ता. देवगड

उत्तर : राहता येतं. पुरुषांची अशी जागा कायद्यात कुठेच नाही.

प्रश्न : गावाने ठरवलंय की निवडणूक बिनविरोध करायची. सरपंचपदासाठी जो मंदिराच्या जीर्णोद्धाराला सगळ्यात जास्त देणगी देईल, त्याच्या विरोधात कुणी अर्ज ठेवायचा नाही. मला उभं राहायचं होतं. ‘गावाच्या विरोधात जाऊ नको’ म्हणतात. — एक वाचक, ता. उमरगा

उत्तर : गाव विचाराने एकत्र आलं आणि निवडणूक बिनविरोध झाली, तर मला आनंदच आहे. तुम्ही लिहिता तो मात्र लिलाव आहे. पैसा देवाच्या कामाला जातो म्हणून तो पवित्र होत नाही. ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत, त्याचा उभं राहण्याचा हक्क अशा बैठकीत विकला जातो, आणि बोली लावणारा ती रक्कम पुढच्या पाच वर्षांत कुठून वसूल करणार हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत हेच झालं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत ४२ लाखांवर. चित्रफिती बाहेर आल्या, राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले आणि दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. म्हणजे ज्यांनी ‘गावाच्या भल्यासाठी’ म्हणून हे केलं, त्यांच्यामुळे गावाचीच निवडणूक गेली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये निवडणुकीतल्या लाचेची व्याख्या आहे, आणि उभं राहण्यासाठी किंवा न राहण्यासाठी दिलेला मोबदलाही तीत येतो.

तुम्ही अर्ज भरा. माघारीच्या कागदावर तुमची स्वतःची सही लागते आणि एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. त्यामुळे बैठकीत कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. दबाव आला तर तहसीलदारांना लेखी कळवा, शक्य तर दोन गावकऱ्यांच्या सहीने. एकटं पडायची भीती मला कळते. तरीही सांगते, उभे राहा.

प्रश्न : मी मागच्या वेळी हरलो. खर्च जेमतेम चार हजार झाला. हिशेब दिला नाही, कारण हरलेल्याला काय विचारणार? आता पुन्हा उभं राहायचं आहे. — ता. माण

उत्तर : हरलेल्यालाही विचारतात. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब देणं प्रत्येक उमेदवाराला बंधनकारक आहे, जिंकलेला असो, पडलेला असो की बिनविरोध आलेला. न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं. त्यासाठी आदेश निघालेला असला पाहिजे. त्याआधी नोटीस येते, पण ती नोटीस कधी जुन्या पत्त्यावर जाते, कधी कुणीतरी दुसराच घेतो. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जाऊन तुमच्या नावाचा आदेश आहे का ते आधी विचारा. आदेश असेल तर तो कोणत्या तारखेपासून आहे ते पाहा, पाच वर्षं तिथून मोजतात. मनात शंका ठेवून अर्ज भरू नका, त्यात अनामत आणि वेळ दोन्ही जातात. (अनामत सर्वसाधारणला ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १०० रुपये.)

यंदा उभे राहिलात तर निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खातं उघडा आणि खर्च त्यातूनच करा. सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा आधीच्या निवडणुकांत ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत २५ हजार रुपये होती, ११ आणि १३ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ३५ हजार, १५ आणि १७ ला ५० हजार. थेट सरपंचासाठी याच क्रमाने ५० हजार, १ लाख आणि १ लाख ७५ हजार होती. यंदाची मर्यादा निवडणूक शाखेत विचारून घ्या. चहाची, पत्रकाची, गाडीच्या डिझेलची पावती त्याच दिवशी वहीला डकवा. महिन्याने आठवून लिहिलेला हिशेब कधी जुळत नाही.

प्रश्न : अर्ज ऑनलाइन भरला म्हणजे काम झालं का? आणि छाननीत अन्यायाने बाद केला तर दाद कुठे? — अनेक वाचक

उत्तर : ऑनलाइन भरून काम संपत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर भरलेल्या अर्जाची आणि घोषणापत्राची छापील प्रत काढायची, सह्या करायच्या आणि तहसील कार्यालयात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे वेळेत द्यायची. नेहमीची वेळ ११ ते ३ असते. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ संथ चालतं हा दर वेळचा अनुभव आहे. डिसेंबर २०२० मध्ये तर आयोगाला ऐनवेळी कागदी अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली होती, पण दर वेळी तशी सवलत मिळेल असं धरून चालू नका. घोषणापत्रातला कोणताही रकाना मोकळा सोडू नका. गुन्हे नसतील, शेती नसेल, कर्ज नसेल तर ‘निरंक’ लिहा. रिकाम्या रकान्यावरून अर्ज बाद होऊ शकतो.

छाननीला स्वतः हजर राहा, मूळ कागदांसह. किरकोळ चुकीवरून, म्हणजे वय आकड्यात लिहिलं आणि अक्षरात राहिलं, अशा कारणावरून अर्ज बाद करायचा नसतो. तुमच्या अर्जावर आक्षेप आला तर उत्तर लेखी द्या, आणि अर्ज नाकारला तर कारणांसह आदेशाची प्रत तिथल्या तिथे मागा. मतदानापर्यंत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, कारण संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ ने ती वाट अडवलेली आहे. दाद मागायची ती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली, निकालापासून १५ दिवसांत, दिवाणी न्यायाधीशांकडे. निवडून आलेल्याच्या अपात्रतेचा वाद मात्र कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. या दोन वाटांत लोक गल्लत करतात आणि १५ दिवस हातचे घालवून बसतात.

प्रश्न : मी ७१ वर्षांची. मागच्या वेळी बटण दाबलं, आवाजच आला नाही, बाहेर यावं लागलं. माझं मत गेलं का? — एक आजी, ता. खटाव

उत्तर : आजी, ग्रामपंचायतीत एका बटणाने मतदान पुरं होत नाही, म्हणून तसं झालं असेल. तुमच्या प्रभागात दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात आणि त्याशिवाय सरपंच. प्रत्येक जागेची पत्रिका वेगळ्या रंगाची: सरपंचाची फिकट निळी, अनुसूचित जातीची फिकट गुलाबी, अनुसूचित जमातीची फिकट हिरवी, नामाप्रची फिकट पिवळी, सर्वसाधारणची पांढरी. प्रत्येक रंगातलं एक बटण दाबायचं. सगळी झाली की मगच लांब आवाज येतो. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या रंगातलं शेवटचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबा. आवाज आला नाही तर तिथेच उभ्या राहा आणि मतदान केंद्राध्यक्षांना हाक मारा. तुम्हाला बाहेर जायला सांगण्याआधी काय राहिलं ते समजावणं त्यांचं काम आहे. दिसायला त्रास होत असेल तर १८ वर्षांवरचं कुणी एक सोबत नेता येतं, तशी विनंती केंद्राध्यक्षांना आत गेल्याबरोबर करा.